आकड्यांची रेघ, आकड्यांचा सूर

'अमूर्त' म्हटले की आपल्याकडे माणूस बिचकतो. झाड नाही, माणूस नाही, नुसत्या रेघा. यात पाहायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण हाच माणूस आलापाला अर्थ विचारीत नाही. त्यात शब्द नसले तरी तो मान डोलावतो. रेघांनाही आलापासारखे चालते करावे व सुराची जोड द्यावी, एवढीच या कलेची मूळ कल्पना.

संगणक यात काय करतो, हे रांजणगावला सीएनसी यंत्र चालविणाऱ्यास सांगावे लागणार नाही. आकडे भरले की हत्यार तितके आडवे, तितके उभे सरकते. हत्याराच्या जागी प्रकाशाचा ठिपका घ्या, म्हणजे रेघ उमटते. दर चित्राला आकडे किंचित बदलीत सेकंदाला २४ चित्रे दाखविली की रेघ चालू लागते. तोच आकडा विजेच्या दाबात बदलून ध्वनियंत्राला दिला, तर दाब वाढेल तसा सूर चढतो. रेघ आणि सूर ही एकाच आकड्याची लेकरे!

अमेरिकेत जॉन व्हिटनी यांनी महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांचा नेम धरणारे गणकयंत्र आणून त्यावर अशी चित्रे केली. 'कॅटलॉग' हा त्यांचा चित्रपट १९६१ चा. तोफखान्याच्या यंत्राला इतके चांगले काम क्वचितच लाभले असेल.

मुंबईत चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये नेहरू फेलोशिपच्या आधाराने कलावंतांची कार्यशाळा काढली. तेथे 'सिझिजी' तयार झाला. बिंदू कसे जोडायचे याचे नियम आधी ठरविले, त्यांबरहुकूम सुमारे १००० रेखाचित्रे काढली आणि राम मोहन यांनी त्यांना गती दिली. संगणकाचे काम माणसांनी केले! चित्रपट मात्र मूक आहे. त्याच १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग हे विद्युत-ध्वनियंत्र आले होते. रेघ मुंबईत, नाद अहमदाबादेत. फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती व संगीतकार विजय राघव राव यांनी 'एक्सप्लोरर' (१९६८) मध्ये वेगवान दृश्ये आणि असे नाद एकत्र आणले, पण ती दृश्ये कॅमेऱ्याची होती.

आता आम्हा युनियनवाल्यांचा नेहमीचा प्रश्न : हात किती रिकामे झाले? ती हजार चित्रे आज संगणक क्षणात काढतो. दोन चित्रांमधली चित्रे भरण्यावर ज्यांचे पोट होते, त्यांचे काय, हे कलेच्या कौतुकात विसरून चालणार नाही. नियम ठरविणाऱ्याचे काम उरते, भरणाऱ्याचे जाते. मात्र तो नियम ठरविण्याची साधने आता फुकट मिळतात, आणि दौंडची एखादी मुलगी घरच्या संगणकावर तो मांडू शकते, हेही तितकेच खरे.

असा चित्रपट पाहाल तेव्हा एक लक्षात ठेवा. रेघ वर गेली की सूर वर, खाली आली की खाली, असेच सारखे चालले तर पाच मिनिटांत कंटाळा येतो. जाणता कलावंत दोघांना आपापल्या वाटेने सोडतो आणि गायक-तबलजीसारखे समेवर गाठतो.