दोष फवारणाऱ्याचा कसा?

कपाशीला पात्या-फुलं लागली की यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या कृषी केंद्रांवर गर्दी वाढते. त्याच सुमारास सूचनापत्रकंही फिरू लागतात: हातमोजे घाला, मास्क लावा, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, उपाशीपोटी फवारू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. आता १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची चर्चा आहे. २०२० मध्ये राज्यसभेत मांडलेलं विधेयक मार्गी लागलंच नव्हतं. अशा वेळी ही पत्रकं पुन्हा वाचावीत. त्यातली प्रत्येक सूचना फवारणाऱ्याला आहे. औषध बनवणाऱ्याला, पंप आखणाऱ्याला, परवाना देणाऱ्याला एकही नाही.

हा प्रश्न समजून घ्यायला ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश रसायन अभियंत्याचा मोठा आधार होतो. आयसीआय कंपनीत ते सुरक्षेचं काम पाहत. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या कारखान्यात स्फोट होऊन २८ जण मेले. त्यानंतर क्लेट्झ यांनी मांडलं, की धोक्यावर पहारे बसवत राहण्यापेक्षा धोकाच कमी करा. कारखान्यात जे नाही, ते गळणार नाही. भोपाळच्या कारखान्यातल्या वायुगळतीनंतर त्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं. तो कारखानाही कीटकनाशकांचाच होता. मिथाइल आयसोसायनेट हे तिथलं मधल्या टप्प्यावरचं रसायन, ते टनावारी साठवून ठेवण्याची गरजच नव्हती. 'माणसाची चूक' हा निष्कर्ष त्यांना मान्य नसे. माणूस गुरुत्वाकर्षणामुळे पडला असं सांगण्यासारखं ते आहे, असं ते म्हणत. खरं, पण बिनकामाचं. माणूस दमणार, विसरणार, घाई करणार हे धरूनच आखणी करायची. अभियंत्याची नैतिक जबाबदारी इथे सुरू होते.

हीच कसोटी मारेगावच्या शेताला लावू. सप्टेंबरचं दमट ऊन. पऱ्हाटी छातीच्या वर गेलेली, त्यामुळे नोझल उंच धरावं लागतं आणि तुषार तोंडावर येतात. पाठीवर भरलेला पंप. अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढवून या उकाड्यात दिवसभर काम होत नाही. बाटलीवरची अक्षरं इतकी बारीक, की शिकलेल्यालाही लागत नाहीत. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम मजुराची घरची भाषा तर त्यात नसतेच. यातलं काहीही अनपेक्षित नाही. अन्न व कृषी संघटनेनं १९८५ मध्ये स्वीकारलेली कीटकनाशकांबाबतची आचारसंहिता आता जागतिक आरोग्य संघटनेसोबत राबवली जाते. तिचं कलम ३.६ नेमकं याच माणसाबद्दल आहे. ज्या औषधांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात ती टाळावीत, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत, असं ते सांगते. हे कलम ऐच्छिक आहे, दुखणं तिथेच आहे.

मोनोक्रोटोफॉसवर २००५ मध्ये भाज्यांपुरती बंदी आली, कपाशीवर ते चालूच राहिलं. खाणाऱ्याचा विचार झाला, फवारणाऱ्याचा झाला नाही. डायफेन्थियुरॉन हे सिंजेंटा या स्विस कंपनीच्या 'पोलो' कीटकनाशकातलं रसायन. स्वित्झर्लंडमध्ये ते वापरायला मान्यता नव्हती, तरी २०१७ मध्ये तिथून ७५ टन भारतात आलं. २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीनं कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. वाचलेला एक शेतकरी आणि दोन मृतांच्या पत्नी बासेलच्या न्यायालयात गेले. कंपनीनं जबाबदारी नाकारली आहे. जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडनं मात्र या रसायनाची निर्यात थांबवली.

आता फवारणीचे ड्रोन आले आहेत. मला त्यांच्याबद्दल आशा वाटते, कारण इथे माणूस विषापासून लांब जातो, आणि क्लेट्झ यांच्या मांडणीशी ते जुळतं. पण उडालेले तुषार शेजारच्या वावरात निंदण करणाऱ्या बायांवर पडले तर उत्तर कोण देणार? यंत्र विकण्याआधीच हे ठरलं पाहिजे.

नव्या कायद्यात कलम ३.६ बंधनकारक व्हावं. परवान्याआधी, विषाऐवजी निरुपद्रवी रंग फवारून, उंच कपाशीत मजुराच्या रोजच्या कपड्यांवर किती बसतो ते मोजावं. ज्या औषधाचा तेवढा अंशही माणसाला बाधेल, त्याला परवाना नको. आज मेलेल्याच्या बायकोला परमुलखातल्या न्यायालयात सिद्ध करावं लागतं, की औषधानंच घात केला. औषध मारेगावच्या शेतातही सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार ते विकणाऱ्यावर, आणि विक्रीच्या आधी, असायला हवा.