पडून पडून बंद पडली!

‘तू इंजिनीअरिंगला आहेस ना, मग बघ की जरा!’ घरातल्या छोटुकल्याची बॅटरीवाली स्कूटर बंद पडली, की हे वाक्य तुमच्या वाट्याला येणारच. कॉमर्सवाल्यांचीही सुटका नाही. ‘मोबाइलमधलं बरं सगळं कळतं!’ हा टोमणा तयारच असतो. तेव्हा वैतागू नका. एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, एवढ्यावर बरेचदा दुखणं सापडतं.

ही स्कूटर चालून कमी आणि पडून राहून जास्त बिघडते. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणून ती गॅलरीत. दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढावी, तर ढिम्म! बहुतेक खेळण्यांत सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. बारावीच्या केमिस्ट्रीत मार्कांसाठी पाठ केलेली हीच ती. ती रिकामी पडून राहिली, की प्लेट्सवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि मग ती चार्जच धरत नाही.

म्हणून तपासणी बॅटरीपासून करा. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून एक-दोन तास थांबा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. १२ व्होल्टची बॅटरी १२.६च्या आसपास, ६ व्होल्टची ६.३च्या आसपास दाखवायला हवी. पण नुसता आकडा फसवा असतो. मागचं चाक उचलून धरा, मित्राला पेडल दाबायला सांगा आणि मीटर बघत राहा. १२.६ वरून आकडा धाडकन ८-९ वर आला, तर बॅटरी गेली. रात्रभर लावूनही चार्जच झाली नसेल, तर आधी चार्जरची पिन आणि वायर तपासा. बिचाऱ्या बॅटरीवर उगाच आळ नको!

बॅटरी ठणठणीत, तरी गाडी हलत नाही? बॅटरीची वायर सोडवा, मीटर ‘बीप’वर ठेवा. फ्यूजच्या दोन टोकांना लावल्यावर बीप आला नाही, तर फ्यूज उडालाय. पेडलखालचा स्विचही असाच बघा. दाबल्यावर बीप यायला हवा. मोटर घूं घूं करते, पण चाक फिरत नाही? मग प्लास्टिकच्या गिअरचे दात झिजलेत.

आता जुगाडप्रेमींसाठी. फ्यूजच्या जागी तार अजिबात नको. शॉर्ट झालं तर वायर वितळेल आणि तिच्यावर तुमचा भाचा बसलेला असेल. ‘जरा पळू दे’ म्हणून ६च्या जागी १२ व्होल्टची बॅटरी टाकू नका. मोटर, गिअर आणि पोर, तिघांनाही झेपणार नाही. बॅटरी फुगली किंवा गळत असेल, तर चार्जिंगला लावूच नका. तिच्यावर ‘लिथियम’ लिहिलं असेल, तर स्वतः न उघडता जाणकाराकडे न्या. आणि काम चालू असताना गाडीचा छोटा मालक लांबच बरा!

नवी बॅटरी घेताना व्होल्ट, अँपिअर-अवर आणि मापं जुनीवरून जुळवा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची असेल तर काम सोपं. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये हीच असते. जुनी कचऱ्यात टाकू नका, आत विषारी शिसं आहे. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसारही ती घरच्या कचऱ्यात जाता कामा नये. बॅटरीच्या दुकानात परत द्या.

एवढं केलंत, की पुढचं सोपं आहे. गाडी ठेवून देण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. चार्जर मात्र दिवसच्या दिवस लावून ठेवू नका. दर महिन्याच्या १ तारखेचा रिमाइंडर आत्ताच मोबाइलमध्ये टाका. नाहीतर एका बॅटरीपायी अख्खी स्कूटर भंगारात जाईल आणि त्या पिल्लाला समजवायची ड्युटीही तुमच्यावरच येईल!