सतरा वर्षांचं सुतक

कोलंबियाच्या पश्चिमेकडच्या चोको प्रांतात रस्ते जवळजवळ नाहीतच. केळी, लाकूड, आजारी माणूस, सगळं अत्रातो नदीतून होडीनं जातं. काठावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज आणि एंबेरा आदिवासी राहतात. ही नदी कॅरिबियन समुद्राला मिळते. त्यामुळे शस्त्रं आणि कोकेनचीही हीच वाट, आणि तिच्यासाठीच फार्क या डाव्या संघटनेचे बंडखोर आणि उजव्या निमलष्करी टोळ्या झुंजत होत्या.

एप्रिल २००२ मध्ये या निमलष्करी टोळ्या तुर्बो बंदरातून होड्यांनी आल्या. वाटेतल्या सरकारी चौक्यांवर त्यांना कुणी हटकलं नाही. बोहाया तालुक्यातल्या बेयाविस्ता गावाला धोका असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयानं आणि कोलंबियाच्याच लोकपाल कार्यालयानं सरकारला कळवलं होतं. तरीही कुणी फिरकलं नाही. गावातली घरं लाकडी, चर्च तेवढं सिमेंटचं. लढाई पेटताच शेकडो माणसं मुलाबाळांसह तिथं शिरली. टोळ्यांनी चर्चच्याच आडोशानं मोर्चा धरला. २ मे रोजी फार्कनं स्फोटकं भरलेला गॅसचा सिलिंडर डागला. तो छप्पर फोडून आत वेदीपाशी फुटला. स्फोटात ७९ माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक लहान मुलं. वाचलेले हातांनी पाणी मागं सारत होड्या पलीकडच्या विहिआ देल फुएर्तेला घेऊन गेले. पुढं हजारो लोक किबदो शहरात विस्थापित झाले.

मागं राहिलेल्या मोजक्या माणसांनी गोळीबारातच देह सामूहिक खड्ड्यात पुरले. या भागात मरण म्हणजे साऱ्या गावाचं काम. बायका वाद्यांशिवाय ‘आलाबाओ’ गातात, लहान मुलांसाठी ‘गुआली’ ही वेगळी गाणी असतात, आणि नवव्या रात्री वेदी उतरवून मृताला निरोप देतात. हे केलं नाही तर आत्मा भटकतो, अशी त्यांची श्रद्धा. २००२ मध्ये यातलं काहीच झालं नाही. २००७ मध्ये सरकारनं नदीपासून आत नवं बेयाविस्ता वसवलं. पक्की घरं मिळाली, पण दारातली नदी दुरावली. माझ्या मते गावाची खरी जखम या न झालेल्या निरोपात होती, आणि पुनर्वसनाच्या कागदांत तिला रकानाच नव्हता.

तरीही या लोकांनी सूड मागितला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये फार्कच्या नेत्यांनी गावात येऊन माफी मागितली. २०१६ च्या सार्वमतात देशानं सरकार आणि फार्क यांच्यातला शांतता करार थोडक्यात नाकारला, पण बोहायात जवळपास ९६ टक्के मतं कराराच्या बाजूनं पडली. गावकऱ्यांच्याच आग्रहानं २०१७ मध्ये अवशेष उकरून त्यांची ओळख पटवली गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये शवपेट्या गावात परतल्या. मग रात्र रात्र जागून आलाबाओ गायले गेले, आणि १८ नोव्हेंबरला ज्याला त्याला आपापली कबर मिळाली.

त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता. ३१ डिसेंबरला याच तालुक्यातल्या पोगे गावात, जिथल्या बायका आलाबाओसाठी देशभर ओळखल्या जातात, दुसरीच एक सशस्त्र टोळी शिरली. करार पुढं सुधारून लागू झाला, पण फार्कनं सोडलेल्या नदीवर शासन पोचण्याआधी बंदुका पोचल्या होत्या.