रोवणा, मोहफुलं आणि ऑपरेशन झालेली कंबर

जुलै लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणा सुरू होतो. बांधीतल्या चिखलात उभं राहून, कमरेत वाकून दिवसभर पऱ्हे लावायचे. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायचा आणि सरपणाची मोळी तर बाराही महिने. अशा कष्टकऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं की घरी जाताना बहुधा एवढंच सांगितलं जातं : वाकू नका, वजन उचलू नका. किती दिवस? आणि तोवर घर कसं चालवायचं?

हा प्रश्न मोजक्या रुग्णांचा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत कंबरदुखीची पाहणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने तिला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटलं. मुंबईचे मणकाशल्यविशारद डॉ. शेखर भोजराज या कामात सोबत होते. त्यांच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर ‘सर्च’च्या शोधग्राम इथल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात येऊन रुग्ण तपासतात, शस्त्रक्रियाही करतात.

कमी छेदाच्या शस्त्रक्रियेत दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरेतून, पाठीचे स्नायू फारसे न कापता, नसेवर दाब देणारा, दोन मणक्यांमधल्या चकतीचा बाहेर आलेला तुकडा काढतात. पायात उतरणारी कळ अनेकदा लगेच कमी होते. त्यातच धोका आहे. कातडी दहा-पंधरा दिवसांत जुळते, पण चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने तिच्या कडेची फट फार हळू भरते. दुखणं थांबलं म्हणून माणूस बांधीत उतरला, तर त्याच फटीतून चकती पुन्हा बाहेर येऊ शकते.

चकतीवर दाब पडतो तरी किती? जर्मनीतल्या उल्म शहरात हान्स-योआखिम विल्के यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून हे मोजलं आणि १९९९ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. पाठ वाकवून २० किलो उचलले की २.३, म्हणजे साडेचार पटींहून जास्त. तेच वजन गुडघ्यात वाकून उचललं तर १.७. मोजमाप एकाच माणसाचं असलं तरी भार कुठे वाढतो, ते त्यातून कळतं.

म्हणून खाटेवर पडून राहायचं का? मुळीच नाही. अमेरिकेतले शल्यविशारद युजीन कॅरेजी यांनी चकतीचं ऑपरेशन झालेल्या ५० रुग्णांना कुठलीच बंधनं न घालता लवकर कामावर जायला सांगितलं. १९९६ च्या त्यांच्या निष्कर्षांत त्यामुळे नुकसान झाल्याचं दिसलं नाही. चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणं लवकर कमी होतं, दुसऱ्या ऑपरेशनची गरज वाढत नाही, असं नंतरच्या अभ्यासांच्या आढाव्यातही आढळलं. तरीही कामावर परतणं आणि रोवण्यावर परतणं यांत मोठं अंतर आहे. म्हणून सल्ला कामाच्या नावानिशीच द्यायला हवा.

चालणं पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून, रोज थोडं वाढवत. चूल जमिनीवर असेल तर काही आठवडे ओट्यावर घ्यावी. मोहफुलं वेचायला जायचंच असेल तर गुडघा टेकून, टोपली अर्धीच भरून. मोळी दुसऱ्याने डोक्यावर द्यावी, दुसऱ्यानेच उतरवावी, तीही डॉक्टरांनी वजनाला परवानगी दिल्यावर. कोळसा खाणीत डंपर चालवणाऱ्याला वजन उचलावं लागत नाही, पण तासन्‌तास बसणं आणि हादरे त्याच्या कंबरेलाही भोवतात. त्याने परतण्याची तारीख वेगळी विचारून घ्यावी.

ऑपरेशन तातडीचं नसेल तर हंगामही बघावा. धान घरात आल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात ते झालं, तर रोवण्यापर्यंत सहा-सात महिने मिळतात. जूनमध्ये झालं, तर घरातली एक जोडी हात कमी पडते आणि बाई महिन्याभरातच चिखलात उतरते. दवाखान्याने तारीख देताना हे विचारायला वेळ लागत नाही.

पायातला बधिरपणा मात्र सावकाश जातो. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे त्याला काही महिने लागले तरी घाबरू नये. पण लघवी अडणं, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरता येणं, पाऊल लुळं पडत जाणं, ताप किंवा जखमेतून पाणी येणं, यांत सकाळची वाट पाहायची नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिकडच्या रुग्णाने टाके निघेपर्यंत गडचिरोलीत नातेवाइकांकडे थांबणं बरं. शेकडो खड्ड्यांचा एसटीचा प्रवासही तेवढा पुढे ढकलला जातो.