एका मोकळ्या जागेचे मोल

भोपाळच्या मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या, १९६० साली स्थापन झालेल्या विद्यालयात, जेथे अनेक संगणकांवर बसणाऱ्यांना एकाच दप्तरातील कागद हवे असतात, तेथे प्रत्येक यंत्रावर स्वतंत्र प्रत ठेवण्यापेक्षा सर्व फाइली एका युनिक्स-सर्व्हरवर ठेवून नेटवर्कद्वारे उपलब्ध करणे श्रेयस्कर ठरते. यासाठीची 'एनएफएस' पद्धती १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने प्रचारात आणली. या कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला हे जन्माने पुण्याचे.

लिनक्सवर या कारभाराची सारी मदार 'इटीसी' फोल्डरातील 'एक्स्पोर्ट्स' नावाच्या छोट्या फाइलीवर असते: कोणते फोल्डर, कोणत्या यंत्रास, आणि केवळ वाचण्याची की लिहिण्याचीही मुभा, एवढेच तीत नमूद करावयाचे. परंतु यंत्राचे नाव आणि कंसातील शर्ती यांमध्ये चुकून एक मोकळी जागा पडली, तर त्या शर्ती त्या यंत्रास लागू न होता सर्व्हरपर्यंत पोहोचणाऱ्या कोणत्याही यंत्रास लागू होतात, आणि ज्या एकास लिहिण्याचा अधिकार द्यावयाचा होता तो बापडा केवळ वाचत बसतो. इतका काटेकोर कारकून पेशव्यांच्या फडातही नसेल! शिवाय रूढ मांडणीत हा सर्व्हर मनुष्यास नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतो. म्हणून दोन यंत्रांवर एकच क्रमांक भिन्न व्यक्तींना दिला असल्यास एकाच्या फाइली दुसऱ्यास खुल्या होतात. दूरच्या यंत्रावरील 'रूट' या सर्वाधिकारी वापरकर्त्यास मात्र, वेगळी शर्त घातली नसेल तर, तो अनामिक रयतेत बसवतो, हे शहाणपणाचे.

'एक्स्पोर्ट्स' फाइलीत फेरफार केल्यावर तो लागू होण्यासाठी 'एक्स्पोर्टएफएस -आरए' ही आज्ञा द्यावी, आणि एनएफएसचे २०४९ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी बंद ठेवावे.