तैलचित्र चौकटीवर बसवितांना

गुंडाळून ठेवलेलें जुनें तैलचित्र चौकटीवर पुन्हां बसवितांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: कापड ताण सोसतें, पण वाळलेल्या रंगास तडे जातात. म्हणून तें कोऱ्या कॅनव्हासाइतकें ओढूं नये.

प्रथम चारही बाजूंच्या मध्यभागीं, समोरासमोर, एकेक बारीक खिळा मारावा. नंतर कोपऱ्यांकडे सरकावें. चौकटीचे सांधे मात्र चिकटवूं नयेत. त्यांतील पाचरी ठोकून पुढें ताण वाढवितां येतो; ही सोय युरोपांत १७५० च्या सुमारास रूढ होऊं लागली.

पावसाळ्यांत चित्र सैल दिसलें तरी पाचरींस हात लावूं नये. दमट हवेनें कापडास दिलेला सरस सैलावतो. हवा कोरडी होतांच तो आखडतो आणि आपण वाढविलेला ताण रंगाच्या मुळावर येतो. पाचर ठोकावयाची ती हिवाळ्यांत, आणि तीहि हलक्या हातानें.