वाऱ्याशी मैत्री

वारा डोळ्यांना दिसत नाही, परंतु शिडाच्या नौकेत बसणाऱ्याला तो ओळखावाच लागतो. यंत्राची नौका कळ दाबताच चालू होते आणि कळ दाबताच थांबते. शिडाच्या नौकेचे तसे नाही. तिला चालविणारा वारा कोणाच्याच आज्ञेत नसतो. शीड किती ओढावे, सुकाणू कोणीकडे वळवावे आणि स्वतः नौकेत कोठे बसावे, एवढेच काय ते माणसाच्या हाती असते. ही विद्या लहान मुलांना शिकविता येईल काय? अवश्य येईल. मात्र ती पायरीपायरीनेच शिकवावी लागते.

मुलांसाठी मुद्दाम बनविलेली एक नौका जगभर प्रसिद्ध आहे. तिचे नाव ऑप्टिमिस्ट. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचे गाव आहे. तेथील क्लार्क मिल्स या नौका बांधणाऱ्या कारागिराने १९४७ साली तिची रचना केली. साध्या प्लायवूडपासून थोड्या खर्चात ती बांधता यावी, हा त्यामागील हेतू होता. ही नौका सुमारे २.३ मीटर लांब असून शिडावाचून तिचे वजन ३५ किलोग्रॅम भरते. तिचे पुढचे टोक निमुळते नसून चपटे असल्यामुळे ती एखाद्या पेटीसारखी दिसते. तिच्या स्पर्धांत १५ वर्षांपर्यंतची मुले भाग घेतात. तिला शीड एकच, आणि तिच्यात बसणारे मूलही एकच. त्यामुळे आपला निर्णय आपणच घेण्याची सवय मुलाला पहिल्यापासून लागते.

ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशन या संस्थेने मुलांच्या शिक्षणाच्या चार पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या पायरीवर मूल किनाऱ्याजवळच राहते. लाइफ जॅकेट नीट बांधणे, नौकेच्या भागांची नावे, दोरीच्या गाठी आणि नौका वळविणे, हा त्याचा अभ्यास. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की नौका उजवीकडे वळते, हे पाहून प्रथम मुले गोंधळतात. पण थोड्याच सरावाने हात आपोआप योग्य दिशेला जाऊ लागतो. शिडाची दोरी सैल सोडली की शीड फडफडते आणि नौका मंदावते, हेही त्यांना येथेच कळते. वेग घेण्यापूर्वी थांबणे शिकावे, हा या शिक्षणाचा पहिला धडा होय.

दुसऱ्या पायरीवर मूल नौका स्वतः सज्ज करते, पाण्यात लोटते आणि सर्व दिशांना नेण्याचा सराव करते. येथे एक कोडे पडते. वारा समोरून येत असेल तर पुढे जावे कसे? वाऱ्याच्या तोंडावर नौका सरळ जाऊ शकत नाही. म्हणून ती वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे न्यावी लागते. घाटातील नागमोडी रस्ता जसा डोंगर चढतो, तशी ती वाऱ्याच्या दिशेने वर चढते. या वेळी ती बाजूला घसरू नये म्हणून तिच्या मधल्या फटीतून एक उभी फळी पाण्यात उतरविलेली असते.

तिसऱ्या पायरीवर पाच गोष्टींचा मेळ घालावा लागतो. शिडाची ठेवण, डाव्या-उजव्या बाजूंचा तोल, पुढच्या-मागच्या बाजूंचा तोल, फळीची खोली आणि निवडलेला मार्ग, या त्या पाच गोष्टी होत. वारा बदलला की या पाचांकडेही पुन्हा पाहावे लागते. हे साधले म्हणजे मूल एक छोटा फेरा पुरा करून सुखरूप किनाऱ्याला लागते. चौथ्या पायरीवर ते दोघांच्या नौकेतही बसते आणि जोडीदाराशी जुळवून घेण्यास शिकते.

या शिक्षणात नौका मुद्दाम उलटविण्याचाही पाठ असतो. शिक्षक जवळच दुसऱ्या नौकेत असतात. नौका कलंडली की मुलाने तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत जायचे नाही, हा कडक नियम आहे. नौकेत हवेच्या पिशव्या बसविलेल्या असल्यामुळे ती बुडत नाही. शिवाय पाण्यातील एकट्या डोक्यापेक्षा नौका दुरूनही लवकर दिसते. मुलाने फळीपर्यंत जायचे, तिच्यावर आपला भार टाकून नौका सरळ करायची, आत चढायचे आणि पाणी उपसून टाकायचे. एकदा हे स्वतः केले की भीतीची जागा सावधपणा घेतो. ज्याने हा पाठ टाळला, त्याला खरा प्रसंग आला असता काय करावे हे सुचत नाही.

आपल्या देशातील नेत्रा कुमनन हिने शालेय वयात चेन्नई येथे शिडाची नौका चालविण्यास आरंभ केला. २०२१ साली या खेळात ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान तिने मिळविला. एवढ्या उंचीवर पोहोचणाऱ्यालाही पहिल्या पायरीवरूनच निघावे लागते.

सर्व पायऱ्या चढलेला विद्यार्थीही नौका पाण्यात लोटण्यापूर्वी आकाशाकडे, लाटांकडे आणि फडफडणाऱ्या निशाणाकडे पाहतो. वारा आपल्या शक्तीबाहेरचा आहे असे दिसले, तर तो नौका किनाऱ्यावरच ठेवतो. त्यात कमीपणा नाही. आज जावे की न जावे, हे ज्याला कळले त्यालाच नौका चालविणे खरोखर कळले.